वाचकांचे प्रश्न : बाईंची स्मरणिका काढताना

प्रश्न : माझी पत्नी ३३ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होती. वर्षश्राद्धाला तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. मुलांनी जीवनपट लिहिला, पण तारखांचा मेळ बसत नाही. (चिपळूण)

उत्तर : जीवनपट बाजूला ठेवा आणि आधी कागद शोधा. नेमणुकीचा आदेश, बदल्यांचे आदेश, कार्यमुक्त झाल्याचे व हजर झाल्याचे रिपोर्ट, पेन्शनचा आदेश हे सारे शिक्षकांच्या घरी बहुधा एकाच पिशवीत सापडते. त्यावरून चार रकान्यांचा तक्ता करा : गाव, शाळा, हजर तारीख, सोडल्याची तारीख. मध्ये एखादे वर्ष गळत असेल, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे सेवापुस्तकातील नोंदींसाठी वारस म्हणून लेखी अर्ज करा.

मेळ न बसण्याची कारणे ठरलेली असतात. पहिले म्हणजे १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने ही तारीख टाकली, अशी माणसे महाराष्ट्रात घरोघरी आहेत. घरात वाढदिवस दिवाळीच्या सुमारास आणि कागदावर १ जून असेल, तर दोन्ही छापा. महिन्याच्या १ तारखेला जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, म्हणून आदेशावर ३१ मे दिसेल. ती चूक नव्हे.

दुसरे कारण, आजची नावे जुन्या काळाला चिकटवणे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी आल्या, त्यामुळे ‘१९६१ मध्ये जिल्हा परिषद शाळेत रुजू’ हे वाक्य होऊच शकत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. १९७८ मध्ये कणकवली तालुक्यात नोकरी असेल, तर जिल्हा रत्नागिरीच लिहायचा. शिक्षणाचेही तसेच : नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली, त्याआधी एस.एस.सी. म्हणजे अकरावी. मुलांच्या मजकुरात ‘१९६९ साली दहावी’ असेल, तर तिथे बोट ठेवा.

तिसरे, नाव. लग्नाआधी नोकरी लागली असेल, तर पहिल्या शाळेत त्या माहेरच्या आडनावाने ओळखल्या जात. तिथले विद्यार्थी सासरचे आडनाव वाचून ओळखणारच नाहीत. तक्त्यात त्या त्या शाळेपुढे तेव्हाचे नाव टाका.

तक्ता पुरा झाला की त्यात पाचवा रकाना घाला : घरी काय चालले होते. बाळंतपणाची रजा कोणत्या शाळेवर असताना घेतली ते सेवापुस्तक सांगेल. तान्हे मूल कोणी सांभाळले, दुपारच्या सुट्टीत त्या घरी येत की मुलाला कोणी शाळेत आणून देई, हे तुम्हालाच ठाऊक. घर एका गावात, शाळा दुसऱ्या गावात आणि पहिली एसटी सकाळी सहाची, ही एक ओळ ‘कुटुंबासाठी त्या झिजल्या’ या वाक्याचे काम जास्त चांगले करते.

आणखी एक : वर्षश्राद्ध तिथीने करणार असाल, तर ते तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते. वर्षात अधिक मास आला, तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. छापखान्याला तारीख देण्याआधी पंचांग बघा.

प्रश्न : आईच्या माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या. चाळीस आल्या, पण सगळ्यांत ‘मायाळू’, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘दुसरी आईच’. कशा छापाव्यात? (ठाणे)

उत्तर : छापू नका, परत विचारा. दोष लिहिणाऱ्यांचा नाही; ‘बाईंबद्दल दोन शब्द लिहा’ म्हटले की माणूस शोकसभेतलेच शब्द लिहितो. चाळिसांपैकी दहा-बारा जणांना फोन करा आणि बारीक प्रश्न विचारा. बाई वर्गात कुठे उभ्या राहत? फळ्यावर तारीख कोणत्या कोपऱ्यात लिहीत? पाढे कसे म्हणून घेत? डबा न आणलेल्या मुलाचे काय करीत? हजेरी घेताना नावाने हाक मारीत की आडनावाने? कोणत्या गोष्टीला चिडत? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. कधीच न रागावलेल्या बाई कोणाच्याच ओळखीच्या नसतात.

बोलणे परवानगी घेऊन फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच बोलीत उतरवा. जुने विद्यार्थी ‘बाई’ म्हणतील, अलीकडचे ‘मॅडम’. एकसारखे करू नका. प्रत्येकी १५० ते २०० शब्द पुरेत. खाली नावाबरोबर शाळा व चौथीचे वर्ष टाका, हुद्दा नको. डॉक्टर-इंजिनिअर झालेल्यांनाच पहिली पाने दिली, की पुस्तिका बाईंची न राहता गुणवंतांची यादी होते. उरलेल्या आठवणींतले एकेक वाक्य निवडून दोन पानांत एकत्र घ्या, सर्वांची नावे येतील.

प्रश्न : जुने फोटो अल्बमच्या चिकट पानांना घट्ट बसलेत. एक तर फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. (सोलापूर)

उत्तर : काचेचा ओढू नका. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असते. दमट हवेत ते मऊ होऊन काचेला धरते आणि ओढले की चेहऱ्यासकट सुटते. काचेसकट स्कॅन करा किंवा खिडकीशी तिरप्या उजेडात, फ्लॅश न लावता, फोटो काढून घ्या.

चिकट पानाचे आधी पानासकट स्कॅन करा, मग सोडवायला घ्या. दातांसाठी मिळणारा बिनमेणाचा धागा एका कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढा. फोटो वाकू लागला तर थांबा. सुटलेला फोटो लॅमिनेट करू नका, ते पुन्हा निघत नाही. मागे बॉलपेनने लिहिले तर पुढे वळ उमटतात आणि शाई लागते. कडेला मऊ पेन्सिलीने लिहा. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नाही. तेव्हा कागदी पाकिटावर आधी मजकूर लिहून मग फोटो आत घाला.

स्कॅनचे गणित सोपे आहे : छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. साडेतीन बाय पाच इंची फोटो ६०० डीपीआयवर घेतला, तर दुप्पट मोठा छापता येतो. पासपोर्ट फोटो १२०० वर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपने साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

(छपाईबद्दल अनेकांनी विचारले आहे, म्हणून थोडक्यात. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आत ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो म्हणजे छपाईचा साधा कागद, कव्हर २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मधोमध पिन मारायची तर पृष्ठसंख्या चारच्या पटीत हवी. ४८ पृष्ठे नीट बसतात. दोनशे-तीनशे प्रतींना डिजिटल छपाई बरी. मोबाईलवर टाईप केलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि काही डीटीपीवाले अजून जुन्या फॉन्टवर काम करतात. बदलताना ‘र्‍या’, ‘ऱ्ह’ आणि रफार फुटतात. ‘तुमच्या’चे ‘तुमचया’ झालेले आपली नजर सवयीने दुरुस्त करून वाचते, म्हणून अंतिम प्रूफ बाहेरच्या माणसाला, कागदावर, मोठ्याने वाचायला द्या.)

प्रश्न : शाळेत तिच्या नावाने ५०,००० रुपये ठेवून बक्षीस सुरू करायचे आहे. (नाशिक)

उत्तर : साडेसहा टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३,२५० रुपये. एवढ्यात एकच बक्षीस ठेवा. खासगी शाळा असेल तर पावती संस्थेच्या नावाची घ्या; जिल्हा परिषदेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या आणि पैसे समितीच्या खात्यात चेकने भरा. मुख्याध्यापकांच्या व्यक्तिगत नावावर ठेव कधीही नको. बदली होते, नवीन माणसाला पावती कुठल्या कपाटात आहे ते माहीत नसते, आणि मुदत संपून दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. पावतीची झेरॉक्स घरी ठेवा आणि मुदत संपण्याची तारीख मुलांच्या फोनमध्ये टाका.

एका पानावर अटी लिहा : फक्त व्याज वापरायचे, कोणाला द्यायचे, पट घटून शाळा बंद झाली तर रक्कम कोणत्या शाळेला. निकषात ‘गुणी विद्यार्थिनी’ लिहिले की दरवर्षी वाद होतो. त्यापेक्षा व्याजातून वर्गाला पुस्तके घ्यावीत आणि पहिल्या पानावर बाईंचे नाव व त्यांनी त्या शाळेत शिकवले ती वर्षे लिहावीत.

प्रश्न : मुखपृष्ठावर ‘कै.’ की ‘स्व.’? (नागपूर)

उत्तर : दोन्ही चालतात. बौद्ध घरांत ‘कालकथित’ लिहितात. ‘दिवंगत’ कोणालाही खटकत नाही. नावाआधी ‘सौ.’ लिहायचे की नाही, यावर नातेवाइकांत दोन मते असतील. ते छपाईला देण्याआधी मिटवा, नंतर चिकटपट्टी लावून लपत नाही.