अमेरिकेत बॅबेसिओसिस (गोचिडीच्या चाव्यातून बॅबेसिया नावाच्या परजीवीमुळे होणारा आजार) वाढतोय, म्हणजे या परजीवीची नवी, जास्त घातक जात तयार झाली आहे का? जनुकीय अभ्यास काय सांगतो?

नाही. निदान आतापर्यंत वाचलेल्या जीनोमवरून, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या संपूर्ण मजकुरावरून, तरी तसं दिसत नाही. मी परजीवीशास्त्र शिकवतो, आणि हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. आजार पसरला की जंतू बदलला असणार, असं आपण धरूनच चालतो. इथे जंतूपेक्षा आजूबाजूचं रान जास्त बदललंय.

अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णांमध्ये बॅबेसिया मायक्रोटी सापडतो. हिवतापाच्या जंतूसारखाच तो तांबड्या पेशींत शिरतो. त्याचं खरं घर म्हणजे पांढऱ्या पायांचा उंदीर. गोचिडीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत जात नाही, त्यामुळे नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू निर्दोष असतं. ते आजारी उंदराचं रक्त प्यायलं की जंतू त्याच्यात येतो, आणि पुढच्या अवस्थेत, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढं असताना, तेच माणसाला चावतं. हरणांच्या अंगात हा जंतू वाढत नाही, पण मोठ्या गोचिडी हरणांवरच पोसतात. हरणं वाढली की गोचिडी वाढल्या.

ईशान्य अमेरिकेत शेतीसाठी जंगलं तोडली गेली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत हरणं जवळजवळ संपली. पुढे शेतं ओसाड पडली, झाडी परतली, हरणं परतली. मधल्या काळात गोचिडी बेटांसारख्या मोजक्या ठिकाणी तगून राहिल्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. प्लीहा शाबूत असलेल्या, धडधाकट माणसाला हा आजार झाल्याची पहिली नोंद १९६९ची, तीही मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नँटकेट बेटावरची.

आता जनुकांकडे येतो. या जंतूचा जीनोम जेमतेम ६५ लाख अक्षरांचा, त्याच्या नातलगांत फारच छोटा. २०१६मध्ये बरेच नमुने एकत्र वाचले गेले, तेव्हा ईशान्येकडचे आणि विस्कॉन्सिन-मिनेसोटा भागातले वंश स्पष्टपणे वेगळे निघाले, आणि नँटकेटचाही वेगळा गट दिसला. युरोप-आशियातले तर आणखी लांबचे. पण एकाच भागातले नमुने एकमेकांशी फारच मिळतेजुळते होते. थोड्याशा पूर्वजांपासून नुकतीच वाढलेली वसाहत अशीच दिसते. कमी वैविध्य म्हणजे जंतू दुबळा, असा अर्थ मात्र काढू नका.

पसरण्याचा वेग बघा. लाइम या दुसऱ्या आजाराचा जंतू त्याच गोचिडीतून जातो, तरी तो पुढे पोहोचतो आणि बॅबेसिया मागून येतो. प्रयोगांत असंही दिसलंय की उंदराला दोन्ही एकदम झाले, तर गोचिडीला बॅबेसिया लागण्याची शक्यता वाढते. लाइम आधी पोहोचल्याने बॅबेसियाची वाट सोपी होत असेल, हा तर्क मला पटतो. मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट ही राज्यं २०२३च्या अहवालात या आजाराचं स्थानिक वास्तव्य असलेल्या यादीत आली.

खरोखर नवे बदल दिसतात ते दुसरीकडे. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत आजार पुन्हा पुन्हा उलटतो, औषधं लांबतात, आणि सायटोक्रोम बी व आरपीएल४ या जनुकांत बदल निवडले जातात. पहिला ॲटोव्हाकोन या औषधाला दाद न देण्याशी जोडला जातो, दुसरा ॲझिथ्रोमायसिनला. त्या रुग्णासाठी ही गंभीर गोष्ट आहे. पण माणूस ही जंतूसाठी बंद गल्ली आहे: त्याच्याकडून उंदराकडे परत जायला रस्ता जवळजवळ नाही, त्यामुळे हे बदल रानात पसरण्याची भीती कमी.

रक्त चढवताना मात्र तो माणसाकडून माणसाकडे जातो, आणि लक्षणं नसलेला दाताही तो देऊ शकतो. म्हणूनच २०१९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) १४ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी इथे दान केलेलं रक्त या जंतूसाठी तपासण्याची शिफारस केली.