ग्वाल्हेरला कॉलेजसाठी येताय? गाणं येत नसेल तरी ऐकायला बसा

तुम्ही विचारलंय की, नाशिकहून ग्वाल्हेरला इंजिनिअरिंगला चाललोय, सगळे म्हणतात गाण्याचं शहर आहे. पण ज्याला सा-रे-ग-म सुद्धा येत नाही त्याला चार वर्षांत त्यातलं काय मिळणार?

कान मिळेल. मला तो इथेच मिळाला, म्हणून एवढ्या खात्रीने सांगतोय.

माझा जन्म लष्करचा. शिंद्यांची छावणी पडली आणि तिथेच शहर वसलं, म्हणून त्या भागाचं नाव लष्कर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. घरी कुणी गाणारं नव्हतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मित्रांबरोबर तानसेन समारोहाला, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाला, गेलो आणि तासाभरात उठून आलो. एक बुवा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल गात होते. मला वाटलं, अजून सुरूच कुठे झालंय!

नंतर वर्गातला एक मित्र एका गुरुजींकडे शिकायचा, त्याच्याबरोबर मी नुसता बसायला जाऊ लागलो. छोटी खोली, सतरंजी, कोपऱ्यात दोन तानपुरे. गुरुजी आधी तारा लावायचे, मग तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखालचा जवारीचा दोरा बोटाने सरकवायचे. केसभर इकडे, केसभर तिकडे. मघापर्यंत बोथट वाजणारी तार एका क्षणी अशी उघडायची की खोली भरून जायची. तो फरक पहिल्यांदा कळला तो दिवस मला आजही आठवतो. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये टायट्रेशन करताना एका थेंबाने रंग बदलतो ना, अगदी तसं.

त्याच खोलीत मला ऐकण्याची किल्ली सापडली. गुरुजी म्हणाले, ‘‘तू फक्त बंदिश धर.’’ बंदिश म्हणजे रागात बांधलेलं गीत. ग्वाल्हेरच्या गायकीत गवई आधी बंदिशीची स्थायी आणि अंतरा, म्हणजे तिचे दोन भाग, नीट मांडतो आणि मग आलाप, बोलआलाप (बंदिशीचे शब्द घेऊन केलेले आलाप), ताना असा विस्तार करतो. लयही फार संथ ठेवत नाहीत. त्यामुळे नवख्या माणसाला धरायला काहीतरी हाताशी असतं. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, लक्षात ठेवायचा आणि गवई कुठून कुठून फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो ते बघत राहायचं. पहिल्या महिन्यात सम चुकते. चुकू द्या. एक दिवस सगळ्यांबरोबर तुमचीही मान आपोआप हलते.

आपण मराठी माणसांनी तर हे ऐकायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घराण्याची ही गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. १९३३ मध्ये घरातून पळालेला अकरा वर्षांचा भीमसेन जोशी गुरूच्या शोधात इथे येऊन पोचला होता आणि माधव संगीत विद्यालयात राहिला होता. तेच विद्यालय १९१८ मध्ये संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने सुरू झालं. याच घराण्याचे मोठे गवई कृष्णराव शंकर पंडित तर आयुष्यभर इथलेच. २०२३ मध्ये युनेस्कोने शहराला ‘संगीताचं शहर’ म्हटलं त्याचा आनंद आहेच, पण आमच्या आजोबांच्या पिढीला ते कुणी सांगावं लागत नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्टेशनवर उतरल्या उतरल्या गाणं कानावर पडेल अशी अपेक्षा ठेवू नका. टेम्पो, हॉर्न, बाड्यावरची (लष्करातल्या मुख्य चौकातली) गर्दी, हेच आधी भेटेल. गाणं आतल्या खोल्यांत आहे, तिथे ओळखीनं जावं लागतं. पण बाहेरून आलेला मुलगा ‘फक्त ऐकायला येऊ का?’ असं विचारतो तेव्हा बहुतेक घरांत त्याचं कौतुकच होतं. शिकायचं असेल तर वय झालं म्हणून मागे राहू नका. जिवाजीगंजातलं सरोद घरही पाहून या, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर आहे ते, आता तिथे वाद्यांचं संग्रहालय आहे.

आणि डिसेंबरातला तानसेन समारोह. तो हजिऱ्याला तानसेनच्या मकबऱ्यापाशी भरतो. गोले का मंदिर भागातल्या कॉलेजात असाल तर तुम्हाला फार लांब नाही. प्रवेश मोफत असतो. रात्रीच्या मैफलीला शाल नको, रजई न्या, इथली डिसेंबरची थंडी नाशिकच्या थंडीसारखी नाही. खिशात गजक, म्हणजे इथली तिळगुळाची कुरकुरीत मिठाई, ठेवा.

पण माझं ऐकाल तर रात्रीच्या आधी पहिल्या दिवशीची सकाळ चुकवू नका. मोठ्या गवयांची गर्दी नसते, म्हणून कॉलेजची मुलं येत नाहीत, आणि याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. थंडीत सनई सुरू होते. मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, म्हणजे आपल्या कीर्तनाच्याच घरातली. ती संपली की त्याच जागी मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, होतो आणि मजारीवर चादर चढते. हरिकथेला बसलेली म्हातारी माणसं मिलाद संपेपर्यंत उठत नाहीत. दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा त्या सकाळी गेलो, आणि रात्री परत येऊन शेवटच्या गायकापर्यंत बसलो. तोही विलंबितच गात होता.

जवळच चिंचेचं झाड आहे. त्याचा पाला चावला की गळा गोड होतो अशी इथली जुनी समजूत. गाणारे येतात आणि एखादं पान तोंडात टाकतात. तुम्हीही टाका, आंबट लागेल. मग पुढच्या रांगेत जागा धरून बसा. नाशिकचे आहात म्हटल्यावर शेजारचे आजोबा मराठीत बोलायला लागण्याची बरीच शक्यता आहे. कुठला राग चाललाय ते त्यांना विचारा.