मार्चअखेर दापोली-गुहागरकडे गाइडबरोबर पहिल्यांदाच पक्षी बघायला जायचंय. दुर्बीण कोणती घ्यावी आणि काय काय दिसेल?

दुर्बिणीचं सांगतो, पण तारीख ठरवायच्या आधी पंचांग बघा. खाडीतला चिखल उघडा पडला तरच चिखल्या, तुतवार असे पाणकाठचे पक्षी चरायला उतरतात. आपल्याकडचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासातला. तिथून पाणी चढायला लागलं की पक्षी चरत चरत काठाकडे सरकतात, तुम्ही हलायचीही गरज नाही. अष्टमीला मात्र भरतीच सहाला. सातला पोचाल तर चिखल पाण्याखाली आणि पक्षी खडकांवर चोच पंखात खुपसून बसलेले. त्यात अष्टमीच्या आसपासची भरती-ओहोटी लहान असते (तिला भांग म्हणतात), त्यामुळे पाणी हटतंही कमी. तेव्हा खाडीसाठी पौर्णिमा-अमावस्येनंतरचे दोन-तीन दिवस धरा. हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

गाइडला फोनवर एवढंच विचारा, ‘त्या दिवशी ओहोटी किती वाजता?’ पटकन उत्तर आलं तर माणूस कामाचा. गटात आठ-दहापेक्षा जास्त माणसं घेत असेल किंवा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावत असेल, तर दुसरा बघा. विणीच्या दिवसांत नराला तो आवाज हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराचा वाटतो आणि तो घरटं सोडून भांडायला येतो.

मार्चअखेर थंडीचे पाहुणे परतीला लागलेले असतात. कुरव (सीगल) कमी होतात, पण उरलेले रंग बदलत असतात. थंडीत पांढऱ्या डोक्याचा, डोळ्यामागे काळा ठिपका असलेला कुरव आता गडद तपकिरी डोक्याचा दिसतो. एकाच थव्यात दोन्ही रूपं दिसली की नवखे दोन जाती मोजतात. तिबोटी खंड्याची आशा धरू नका, तो इकडे पावसाच्या तोंडावर येतो.

खरी मजा किनाऱ्यापासून आत, देवरायांत. धनेशाची मादी या सुमारास ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर वड-उंबराची फळं आणून भरवतो. झाडाखाली माणसं उभी असली तर नर लांबच्या फांदीवर थांबून राहतो आणि आतली मादी उपाशी राहते. पन्नास मीटरवर आडोशाला बसा आणि अर्ध्या तासात उठा. घरट्याचा फोटो टाकलात तरी जागेचं नाव टाकू नका. काही देवरायांत चपला बाहेर काढाव्या लागतात, गावात आधी विचारा.

आता दुर्बीण. 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. 10×42 मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हाताची थरथरही तेवढीच वाढते. दुर्बीण वाईट म्हणून परत करणाऱ्या बऱ्याच जणांनी ती स्वतःच्या डोळ्यांना जुळवून घेतलेलीच नसते. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. ती एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत फिरवून ठेवा.

उजाडताना, साडेसहाला सुरुवात करा, साडेनऊनंतर ऊन सोसवत नाही. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर असतं आणि रंग नीट दिसतात. संध्याकाळी त्याच जागी नुसत्या काळ्या आकृत्या. पांढरा शर्ट नको. पायात पट्ट्यांचे सँडल हवेत: चिखलात चप्पल अडकून राहते, अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा तळवा फाडतात. दीड-दोन लिटर पाणी प्रत्येकी.

वाटेत आंब्याची बाग लागली तर विचारल्याशिवाय शिरू नका. मालक नाही म्हणतील असं नाही, पण फवारणी कधी झाली ते त्यांनाच माहीत.

परत आल्यावर भिंगं कोरड्या रुमालाने घासू नका. त्यावर वाळू आणि खारं पाणी सुकलेलं असतं, ओरखडे त्यानेच पडतात. आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने वाळू उडवा, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने पुसा.