गाळ उपसायच्या आधी थोडा गाळ जपून ठेवा

या महिन्यात पत्रं भरपूर आली, पण त्यातली तीन पत्रं एकाच विषयाभोवती, म्हणजे तलाव-नदीकाठच्या झाडापाण्याचा जुना इतिहास लिहिणं आणि त्यासाठी सरकारी पैसे मागणं याभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवली आणि या तिघांशी जरा निवांत बोलायचं ठरवलं.

प्रश्न : मी रामटेक तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या गावात मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या ताब्यातला तलाव) आहे आणि येत्या उन्हाळ्यात त्याचा गाळ काढणार आहेत. मला आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना या तलावाचा इतिहास लिहायचाय, राजा-मालगुजारांचा नाही, तर पाण्यात काय उगवायचं, मासे कोणते होते, पाळीवर (तलावाच्या बांधावर) झाडं कोणती, धान कोणतं घ्यायचे आणि हे सगळं कधी बदललं याचा. ग्रामपंचायतीत खर्चाचं विचारलं तर ग्रामसेवक भाऊ म्हणाले, मॅडम, संशोधनाचं हेडच नसते. खरंच काही होऊ शकत नाही का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, भाऊ अर्धं बरोबर बोलले. संशोधन नावाचं हेड, म्हणजे खर्चाचं खातं, शोधत बसलात तर खरंच मिळणार नाही, पण तुम्ही जे करणार आहात ते पंचायतीचं आधीपासूनच ठरलेलं काम आहे, हे त्यांना दाखवून द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याबद्दलची लोकांची माहिती लिहून ठेवायची वही, करणं हे तिचं काम. याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधीची सोय आहे. तुमच्या गावातही नोंदवही बहुतेक झालेली असेल, कारण हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली होती आणि काम न करणाऱ्या राज्यांना महिन्याला १० लाख भरायला लावू असं सांगितलं होतं, त्यामुळे देशभर घाईघाईत वह्या भरल्या गेल्या. ती वही आधी मागून बघा. त्यात तुमच्या तलावाबद्दल चारच ओळी असतील तर तोच तुमचा मुद्दा, की वही अपुरी आहे, ती आम्ही नीट करून देतो, समितीने खर्च मंजूर करावा. वही एकदा भरली की कपाटात गेली असं नसतं, ती सुधारत राहायची असते.

निधीच्या खात्यात पैसे नसले (बऱ्याच ठिकाणी नसतातच) तर गावाचा विकास आराखडा बघा. त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते, त्या ग्रामसभेत तुमचा विषय लेखी गेला पाहिजे, नंतर कितीही हेलपाटे मारले तरी उपयोग नाही. १५ व्या वित्त आयोगाच्या पैशात ४० टक्के भाग अबंधित ठेवला होता, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पण पगार आणि आस्थापनेवर तो चालत नाही. म्हणून अर्जात विद्यार्थ्यांचं मानधन लिहू नका. नमुने तपासणं, नकाशांच्या प्रती, छपाई असं लिहा. याशिवाय जिल्हा परिषदेचा सेस (तिचा स्वतःचा निधी) आहे आणि जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजना म्हणून पैसे असतात, तिथे चार-पाच गावांनी मिळून गेलात तर जास्त वजन पडतं.

आता खरी घाईची गोष्ट. गाळ काढायच्या आधी थोडा गाळ बाजूला ठेवा! पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांच्या वर आहेत, काही गोंड राजांच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले, आणि त्यांच्या तळाशी वर्षानुवर्षं थरावर थर बसत आलाय. त्या थरांत परागकण असतात, कोळशाचे कण असतात, पाणवनस्पतींच्या बिया असतात, त्यावरून कोणत्या काळी काय उगवायचं ते कळतं. लोणारच्या सरोवरातल्या अशाच गाळावरून गेल्या सुमारे ११ हजार वर्षांत पाऊस कसकसा बदलला ते काढलंय. तुमच्या तलावाला इतकं मागे जायची गरज नाही. शंभर-दीडशे वर्षांसाठी शिसं-२१० ची तपासणी चालते, ते दर २२ वर्षांनी निम्मं होत जातं त्यामुळे थराचं वय काढता येतं, आणि तुम्हाला हवाय तो मालगुजारीपासून आजपर्यंतचा काळ नेमका त्यात बसतो. फक्त जागा विचार करून निवडा. काठाजवळ जिथे गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात केलेली पेरणी) होते तिथे नांगराने थर मिसळलेले असतात, जिथे म्हशी बसतात तिथेही तेच, आणि जो भाग दर उन्हाळ्यात सुकून तडकतो तिथे परागकण टिकत नाहीत, म्हणून जो खोलगट भाग शेवटपर्यंत ओला राहतो तिथलाच नमुना घ्यायचा. तो कसा घ्यायचा, कशात ठेवायचा हे विद्यापीठातल्या भूगर्भशास्त्राच्या किंवा वनस्पतीशास्त्राच्या माणसाला सोबत नेऊनच करा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. जेसीबी चार दिवसांत सगळं उचलून शेतात टाकतो, शेताला ते चांगलंच आहे, मी गाळ काढायच्या विरोधात अजिबात नाही, पण देशी पाणवनस्पतींचे कंद आणि बिया पण त्याच्यासोबत जातात आणि मग काठावर उरतं ते बेशरमचं झुडूप.

कागदांचंही सांगते. आपला भाग मध्य प्रांतात होता म्हणून आपल्याकडे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज अशी कागदं आहेत जी बाकीच्या महाराष्ट्रात नाहीत. गावाने कुठून सरपण आणायचं, जनावरं कुठे चारायची, तलावाच्या पाण्यावर कुणाचा हक्क, हे त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे त्या काळी कुठे गवत होतं आणि कुठे जंगल होतं ते आपोआप कळतं. तहसील आणि भूमी अभिलेखमध्ये मागा. मी एका तालुक्याच्या ठिकाणी असेच जुने नकाशे बघायला गेले होते, तर अर्ध्या गठ्ठ्याला वाळवी लागलेली, हातात घेतलं की भुगा. त्या दिवशी मला रडू आलं होतं. म्हणून निधी मिळाला तर पहिला रुपया स्कॅनिंगवर घाला आणि दुसरा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाण्यावर, गाळ प्रयोगशाळेत थांबेल, ही माणसं थांबणार नाहीत.

आणि एक, औषधी झाडपाल्याची माहिती कुणी सांगितली तर ती ग्रामसभेला विचारल्याशिवाय छापू नका. ती गावाची आहे.

प्रश्न : रस्त्यात खड्डे, नळाला पाणी नाही, आणि तुम्ही लोक मागच्या शतकात कोणतं झाड होतं त्यावर आमच्या टॅक्सचे पैसे मागता. हे पटत नाही.
– एक करदाता, नागपूर

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो, पण २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरात शिरली, माणसं गेली. पाणी जिथे शिरलं त्यातल्या कितीतरी जागा नदीच्याच होत्या, नाला कुठून वळत होता, कोणता सखल भाग पावसाळ्यात पाणी धरून ठेवायचा, हे जुन्या नकाशांत दिसतं आणि लेआउट पाडताना ते कुणी बघितलं नाही. आता नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झालाय. मला तो हवाच आहे, मनापासून हवाय. पण नदी शुद्ध करायची म्हणजे कशासारखी करायची, तिचं पात्र केवढं होतं, काठावर काय होतं, हे आधी माहीत नको का? त्या कोटींपुढे या अभ्यासाचा खर्च किरकोळ आहे. आणि खड्ड्यांचे पैसे यातून जात नाहीत, ते वेगळ्या हेडचे.

प्रश्न : आम्ही तीन कॉलेजचे मित्र, नाग नदीच्या काठाचा असाच अभ्यास करायचाय. मनपात नक्की कुणाकडे जायचं? गावांच्या नावावरून जुनी झाडं कळतात असं ऐकलं, ते खरं का?
– विद्यार्थी, नागपूर

उत्तर : पर्यावरण विभागात जा आणि पर्यावरण सद्यस्थिती अहवालाचं नाव घ्या. महानगरपालिका कायद्याच्या कलम ६७-अ प्रमाणे हा अहवाल दरवर्षी ३१ जुलैच्या आत सभागृहापुढे यायला पाहिजे, आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचं रक्षण हे पालिकेच्या कामांत लिहिलंय. त्या अहवालात या वर्षीची हवा-पाण्याची आकडेवारी असते, त्यात नदीच्या शंभर वर्षांचं एक प्रकरण घाला, आम्ही माहिती गोळा करून देतो, असा दोन पानी अर्ज द्या, खर्चाचा आकडा छोटा ठेवा आणि बजेटची तयारी सुरू व्हायच्या आत, म्हणजे डिसेंबरपर्यंत द्या. मार्गदर्शक म्हणून एखाद्या प्राध्यापकाची सही असली तर फाइल सरकते. आणि नागपूरसारखी जागा तुम्हाला कुठे मिळणार, पर्यावरण संशोधनाची नीरी संस्था इथे, माती सर्वेक्षणाचं राष्ट्रीय कार्यालय इथे, रिमोट सेन्सिंग सेंटर इथे, राज्य जैवविविधता मंडळाचं मुख्यालय इथे आणि जुन्या सरकारी कागदांचं पुराभिलेखागारसुद्धा इथेच.

नावांचं म्हणाल तर चिचभवन, वडधामना, मोहगाव, अंबाझरी यात झाड दिसतंच, पण नाव हा फक्त सुगावा धरा. एखाद्या मोठ्या चिंचेवरून नाव पडलं म्हणजे तिथे चिंचेचं बन होतं असं नाही. नाव, नकाशा आणि जुन्या माणसाची आठवण हे तिन्ही एकाच जागेवर जुळले तरच अहवालात लिहा, आणि जुळलं नाही तर तेही तसंच लिहा, कारण पुढच्या वेळी कुणीतरी तिथूनच सुरुवात करेल.