देवाची वेळ आणि अर्जाची मुदत

नमस्कार. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचे, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या योजनेचे, निमंत्रण आले आहे, पोलीस पडताळणीत पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचे पोलीस प्रमाणपत्र) अडकली आहे आणि मुदत सरत चालली आहे, असे आपण लिहिले आहे. सासूबाई म्हणतात, ‘त्याच्या मनात असेल तेव्हाच होईल’, आणि यजमानांना हे ऐकले की संताप येतो. अशा वेळी देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा आपला प्रश्न आहे. मी बोरिवलीचाच, आता टोरोंटोजवळ राहतो आणि सकाळची पूजा इथेही चुकवत नाही. माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे. फक्त ते वेगवेगळ्या तारखांबद्दल बोलत आहेत.

निमंत्रण आल्यापासून पूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. ही तारीख देवाने ठरवलेली नाही, कॅनडाच्या स्थलांतर खात्याने ठरवली आहे, आणि ती देवावर सोपवणे म्हणजे श्रद्धा नव्हे. तेव्हा मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळालेली पावती आणि अर्ज क्रमांक घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन यावे. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचे पुरावे बरोबर असू द्यावेत. तरीही प्रमाणपत्र वेळेत आले नाहीच, तर ते मागितल्याचा पुरावा आणि विलंबाचे कारण सांगणारे पत्र अर्जाला जोडता येते, मात्र ते ग्राह्य धरायचे की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो. अर्ज करायचाच नाही असे ठरले, तर निमंत्रण मुदतीत नाकारावे, म्हणजे आपण पात्र असाल तर पुन्हा निमंत्रणाची वाट पाहणाऱ्या उमेदवारांच्या यादीत जाता. नुसतेच गप्प बसलात तर त्या यादीतले आपले प्रोफाइल रद्द होते आणि नव्याने सुरुवात करावी लागते. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोनच वर्षे चालतो आणि निवडीसाठी मिळणारे वयाचे गुण तिशीपासून घटू लागतात, हेही ‘होईल तेव्हा होईल’ म्हणणाऱ्यांना शांतपणे सांगावे.

अर्ज गेल्यानंतरचा काळ मात्र खरोखरच आपल्या हातात नसतो, आणि सासूबाईंचे वाक्य तिथे लागू पडते. मध्यरात्री उठून अर्जाचे ऑनलाइन खाते उघडून पाहिल्याने फाइल हलत नाही. मी ते पाहायला आठवड्यातला एक दिवस ठरवून घेतला होता आणि उरलेल्या दिवशी मन तिकडे धावले की नामस्मरण करीत असे. त्याने काळजी संपली नाही, पण घरच्यांवर ओरडणे बरेच कमी झाले. माझा अर्ज अपेक्षेपेक्षा लांबला, त्याच काळात वडील परळच्या केईएममध्ये दाखल झाले, आणि तो विलंब झाला म्हणूनच मला त्यांच्याजवळ राहता आले. यात देवाची योजना होती असे मी मानतो. पण हे मागे वळून पाहताना सुचलेले आहे. त्या दिवसांत मी वैतागलेलाच होतो. शिवाय आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाचे अशाच विलंबाने केवळ नुकसान झाले, म्हणून प्रत्येक उशिरामागचा हेतू आपल्याला कळेलच, असे आश्वासन मी आपल्याला देणार नाही. अडथळा आला की ‘जाऊ नये असा संकेत आहे’, आणि काम झाले की ‘जावे असा’, ही घाईही टाळावी, कारण आपल्या मनातले उत्तर देवाच्या नावावर खपवणे फार सोपे असते.

जाता जाता एक गोष्ट. ‘ताई, बाप्पा पाठीशी आहे, आधी पैसे भरून टाका’ असे म्हणणारे एजंट मुंबईत पुष्कळ भेटतील. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात आपले प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तिथल्या परवानाधारक सल्लागाराला, वकिलाला किंवा क्युबेक प्रांतातल्या नोटरीलाच आहे. परवाना क्रमांक मागावा आणि तो तपासून पाहावा.

राजीनाम्याविषयीही आपण विचारले आहे. देवावर भरवसा आहे म्हणून नोकरी आधीच सोडू नये. अंतिम मंजुरी हातात आल्यावर नोटीस द्यावी, आणि नोटिशीचा काळ तीन महिन्यांचा असेल तर तो कॅनडात प्रवेश करण्याच्या शेवटच्या तारखेच्या आत बसतो का, हे आधी मोजावे. ती तारीख सहसा वैद्यकीय तपासणीच्या किंवा पासपोर्टच्या मुदतीवर ठरते. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि भाड्याच्या घराची नोटीसही त्यानंतरच.