डोक्यातले दुखरे फोड आणि टॉवेलवरचे डाग

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी सोलापूरचा, वय 36, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम करतो. दोन-तीन महिने झाले, डोक्यात मागच्या बाजूला बारीक पुटकुळ्या येतायत, कंगवा लागला की जीव जातो, उशीवर डोकं टेकवलं तरी ठणकतं. दोन तर चांगल्या मोठ्या झाल्या, पू आला. आई म्हणते उष्णता आहे, म्हणून रोज रात्री खोबरेल चोळून देते आणि आंबा बंद केलाय. पाणी चार-पाच दिवसांनी येतं त्यामुळं डोकं आठवड्यातनं एकदाच धुतो. मेडिकलमधनं पिंपलचं एक वॉश आणलं, त्यानं फरक नाही पण निळ्या टॉवेलवर पांढरे डाग पडले, बायको घाबरलीय की डोक्यातनं काय गळतंय. कॅन्सर तर नाही ना?

उत्तर : दादा, आधी टॉवेलचं सांगते म्हणजे घरातली भीती जाईल. पिंपलच्या बऱ्याच वॉशमध्ये बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, ते कापडाचा रंग उडवतं, केसांचाही थोडा उडवू शकतं. डोक्यातनं काही गळत नाहीये. ते वॉश थांबवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे केसांच्या मुळांची सूज वाटते, डॉक्टर त्याला फॉलिक्युलायटिस म्हणतात. तेच खोल गेलं, पू धरला की आपल्या आज्या ज्याला केसतूड म्हणायच्या ते होतं. हा कॅन्सर नाही. प्रत्येक केस एका बारीक पिशवीतनं उगवतो, त्या पिशवीचं तोंड घाम, तेल, कोंडा यांनी बुजलं की आत जंतू वाढतात. कधी ते स्टॅफ नावाचे बॅक्टेरिया असतात, कधी मॅलॅसेझिया नावाची बुरशी, जी आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर राहते आणि कोंड्यामागंही तीच असते.

आता जरा नाजूक विषय. या बुरशीला जगायला तेलच लागतं, तेलातले स्निग्ध घटक हे तिचं खाणं. म्हणजे आई मायेनं रोज रात्री जे चोळतायत त्यानं तिचंच पोट भरतंय, वर लूमवरचा घाम, कापसाची धूळ, गाडीवर हेल्मेट आणि आठवडाभर न धुतलेलं डोकं. आईंना दुखवू नका, तेल तळपायाला चोळायला सांगा, पण डोक्याला निदान महिना-दीड महिना तेल पूर्ण बंद. आणि आंबा खुशाल खा, पुटकुळ्या आंब्यानं येत नाहीत (शुगर असेल तर मात्र वेगळं, ते पुढं सांगते).

2 टक्के केटोकोनॅझोलचा शॅम्पू आणा, आठवड्यातनं दोनदा, फेस केसांना नाही तर कातडीला बोटांच्या पेरांनी हळू लावा, पाच मिनिटं तसाच ठेवा आणि मग धुवा. लोक लावून लगेच धुतात आणि म्हणतात गुण येत नाही. पाण्याची अडचण मला कळते, सोलापुरात राहून ती कुणाला चुकलीय, पण बारीक कापलेल्या केसांना अर्धी बादली पुरते, आणि शिफ्टवरनं आल्यावर एक-दोन तांबे साध्या पाण्यानं घाम काढला तरी फरक पडतो. हेल्मेट सोडायचं नाही हं, आत धुतलेला सुती रुमाल बांधा आणि तो रोज बदला. सलूनमध्ये मशीन शून्यावर फिरवू नका, बारीक कापलेले केस उलटे कातडीत घुसतात. मोठ्या फोडाला कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातनं तीन-चार वेळा. पिळायचं मात्र अजिबात नाही, आतली पिशवी फुटली की पू खोल पसरतो, व्रण राहतो आणि तिथं केस परत येत नाहीत.

मेडिकलमधनं अँटिबायोटिक किंवा ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब घेऊ नका, अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट उलटतं. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर सिव्हिलच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा, पुवाची तपासणी करून कुठलं औषध लागू पडेल ते नीट ठरवता येतं.

शुगर नक्की तपासा. परत परत केसतूड होणाऱ्या माणसाला आपल्याला मधुमेह आहे हे बऱ्याचदा असंच पहिल्यांदा कळतं. उपाशीपोटी 126 किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडं जा.

गाठ गोल, टणक, न दुखणारी आणि वर्षानुवर्षं तशीच असेल तर ती चरबीची म्हणतात तसली गाठ, बऱ्याच घरात आई-वडिलांनाही असते, त्रास नसेल तर राहू द्या. पण ताप आला, लाली पसरत डोळ्याकडं सूज आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिनाभर न भरणारी, रक्त येणारी जखमही दाखवायची. आणि डोक्याच्या एकाच बाजूला आग-आग होऊन कपाळापर्यंत पाण्याचे फोड उठले तर ती नागीण. लेप लावत बसू नका, गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो, आणि कपाळावरची नागीण डोळ्यात गेली तर नजरेवर बेतते.

प्रश्न : माझ्या 7 वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मऊ, सुजलेला फोड आलाय, पू येतो आणि तिथले केस हातात येतात. गळू म्हणून चिरा द्यायला सांगितलंय, देऊ का? घरात मांजराचं पिल्लू आहे.

उत्तर : ताई, चिरा देण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि या आठवड्यातच. लहान मुलात असं गळवासारखं दिसणारं बरेचदा डोक्यातलं गजकर्ण असतं, केरिऑन म्हणतात त्याला, त्यात चिऱ्याचा उपयोग नसतो. नुसतं मलमही चालत नाही कारण बुरशी केसाच्या आत असते, पोटातनं औषध सहा-आठ आठवडे लागतं, वजनावर डोस ठरतो. ग्रिसिओफुल्विन दिलं तर ते दुधासोबत किंवा तूप-भात खाल्ल्यावर द्या, स्निग्ध जेवणासोबत ते अंगी जास्त लागतं. उशीर झाला तर तिथं कायमचं टक्कल राहू शकतं. भावंडांचे कंगवे, टोप्या, टॉवेल वेगळे करा, त्यांचीही डोकी बघा, आणि ही बुरशी मांजराकडनंही येऊ शकते, म्हणून पिल्लाचे केस कुठं गळालेत का ते बघून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या.