सांता पोलाला राहायला यायचं असेल तर

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, तुमचं कंपनीचं काम घरूनच चालतं, तर ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन दोन-तीन वर्षं स्पेनच्या किनाऱ्यावरच्या सांता पोलाला राहावं का, आणि आधी ऑगस्टमध्ये येऊन गाव बघून जावं का. मी सहकुटुंब इथेच राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑगस्टमध्ये येऊ नका, जानेवारीत या. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर सतरंजी टाकायला जागा नसते, रात्री दोनपर्यंत रस्ते जागे असतात. तुम्हाला राहायचंय ते गाव वेगळं आहे. जानेवारीत समुद्राकडच्या इमारतींची शटर्स खाली असतात, बरीच रेस्टॉरंट्स बंद असतात, दुपारी दोन ते पाच दुकानंही मिटलेली. ही शांतता मला फार प्रिय आहे, पण ती सगळ्यांना मानवत नाही. तुम्हा दोघांना मानवते का, ते त्या महिन्यातच कळेल.

थंडीचंही तेव्हाच कळेल. बाहेर छान ऊन असतं आणि घरात पायाखालची लादी गारठलेली. इथली कितीतरी घरं उन्हाळ्यापुरती बांधलेली, हीटिंग नाही, भिंतींना ओल. घर बघताना ते दक्षिणाभिमुख आहे का आणि एसी गरम हवा देतो का, हे आधी विचारा. मालक बरेचदा सप्टेंबर ते जून एवढाच करार देतात, कारण उन्हाळ्यात पर्यटकांकडून जास्त मिळतं. वर्षभराचा करार लेखी मागा. नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवायला, म्हणजे पाद्रोनला, लेखी करार कामी येतो.

व्हिसाचा निर्णय तुमच्या नोकरीवर अवलंबून आहे. मिस्टरांच्या नावे नॉन-लुक्रेटिव्ह, म्हणजे नोकरी न करता राहण्याचा व्हिसा घेतलात तर जोडप्याला सध्या महिना 3,000 युरो उत्पन्न किंवा तेवढी शिल्लक दाखवावी लागते, पण त्यावर काम करता येत नाही, भारतातल्या कंपनीचं ऑनलाइनसुद्धा नाही. नोकरी ठेवायची असेल तर डिजिटल नोमॅड व्हिसासाठी, म्हणजे परदेशातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करणाऱ्यांच्या व्हिसासाठी, अर्ज तुम्ही करा आणि मिस्टरांना अवलंबित म्हणून आणा. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा एप्रिल 2025 मध्ये बंद झाला, कोणी एजंट त्याचं आमिष दाखवत असेल तर त्याचा नाद सोडा. वर्षात 183 दिवसांहून जास्त राहिलात की ठाण्याच्या भाड्यासकट सगळं उत्पन्न स्पेनच्या करखात्याला दाखवावं लागतं, तेव्हा निघण्याआधी सीएशी बोला.

सुरुवातीला खासगी आरोग्य विमा हवाच. पाद्रोनवर वर्ष झालं की महिना 60 युरो भरून सरकारी आरोग्यसेवेत जाता येतं, 65 च्या पुढच्यांना 157. मोठी इस्पितळं जवळच्या एल्चे आणि आलिकांते शहरांत. गावात रेल्वे नाही, दोन्हीकडे बस आहे. आपलं लायसन्स रेसिडेन्सी मिळाल्यावर सहा महिनेच चालतं, मग इथली परीक्षा द्यावी लागते.

आता माशांबद्दल, कारण तुम्ही खास विचारलंत. पापलेट, बोंबील विसरा. पण दुपारी उशिरा ट्रॉलर बंदरात परतले की तिथल्या टपऱ्यांवर जा. माकूल, लाल कोळंबी, बोटभर बोकेरोनेस बर्फावर मांडलेले असतात. बोकेरोनेसना हळद-तिखट लावून रव्यात घोळवून तळा, मांदेलीची आठवण नक्की येईल. कोकम आणि गोडा मसाला मात्र घरूनच आणा.

गावाबाहेर मिठागरं आहेत, नॅशनल रोड त्यांच्या मधून जातो. बसच्या खिडकीतून एका बाजूला मिठाचे पांढरे ढीग दिसतात, दुसऱ्या बाजूला रोहित. ठाणे खाडीच्या माणसाला ते बघून बरं वाटतं! ताबार्का बेटही हिवाळ्यातच बघा. बोटीने अर्ध्या तासावर, जेमतेम दोन किलोमीटर लांब, तटबंदीच्या आत वसलेलं गाव. अठराव्या शतकात अल्जियर्सच्या गुलामगिरीतून सोडवून आणलेले मूळ जिनोआचे लोक तिथे वसवले. भोवतालचा समुद्र 1986 पासून राखीव आहे. उन्हाळ्यात तिथे नुसती रांग असते. निघायच्या आधी बोट चालू आहे का विचारा, वारा असला की रद्द होते.

ग्रान आलाकांत ही वस्ती याच नगरपालिकेत येते. तिथे परदेशी लोक पुष्कळ, इंग्रजीवर भागतं. गावात राहणार असाल तर दोघांनीही आत्तापासून स्पॅनिश शिकायला लागा. दवाखान्याच्या खिडकीवर आणि नगरपालिकेत दुसरी भाषा चालेल असं धरून चालू नका.